मुलांच्या तापातली हृदयाची चाचणी पॅकेजमध्ये नको, वॉर्डात हवी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस आपल्या अंकात एका खाजगी लॅबची अर्ध्या पानाची जाहिरात येते आहे. 'पावसाळी ताप पॅकेज, मुलांसाठी खास.' डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी चाचणी), लिव्हर आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत 'हार्ट प्रोफाइल'. घरी येऊन सॅम्पल नेणार, रिपोर्ट मोबाइलवर येणार, डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज नाही. वर्तमानपत्राने जाहिराती छापू नयेत असं मी म्हणणार नाही. पण त्या 'हार्ट प्रोफाइल'बद्दल मला बोललंच पाहिजे, कारण माझी सगळी नोकरी बडोद्यात रक्त काढण्यात आणि तपासण्यात गेली. आधी रावपुऱ्यातल्या एका लहान लॅबमध्ये, नंतर एका मोठ्या रुग्णालयात. तिथे रात्रपाळीला मुलांच्या वॉर्डातून येणारी ट्यूब माझ्याच हातात पडायची.

विषाणूजन्य तापात मुलाच्या हृदयाला इजा होते आहे का, हे दाखवणाऱ्या रक्ताच्या चाचण्या आज आपल्याकडे आहेत. त्या चांगल्या आहेत आणि त्यांनी मुलं वाचतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण त्या तापाने आलेल्या प्रत्येक मुलाच्या करायच्या नसतात. ज्या मुलाकडे बघून डॉक्टरांच्या मनात शंका येते त्याच्या करायच्या, वेळ न घालवता, रात्री दोन वाजले असले तरी, आणि गरज पडली तर काही तासांनी पुन्हा. सध्या मात्र धडधाकट पोरांच्या त्या पॅकेजमध्ये होतात, आणि वॉर्डात निपचित पडलेल्या मुलासाठी मागवली तर 'सकाळी पाठवा' असं उत्तर मिळतं.

पावसाळ्यात ताप आला की आपल्या सगळ्यांचं लक्ष प्लेटलेटवर असतं. 2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, ओसरलं, आणि आमच्या गल्लीत घरोघरी अंथरुणं पडली. मी तेव्हा निवृत्त झाले होते, तरी दांडिया बाजारातले निम्मे लोक रिपोर्ट घेऊन माझ्या दारात. मराठी घरातले विचारायचे, "काकू, प्लेटलेट बघा हो." गुजराती शेजारी विचारायचे, "बेन, काउंट केटला आव्या?" सकाळी एक लाख दहा हजार, संध्याकाळी पंच्याण्णव हजार, की लगेच पाचावर धारण बसायची. मूल उठून बसलं आहे, पेज पितं आहे, लघवीला व्यवस्थित जातं आहे, याकडे कुणाचंच लक्ष नसायचं.

या आकड्याची खात्री किती धरायची, ते लॅबमध्ये काम केलेल्यालाच कळतं. सीबीसीचं रक्त जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतात. आत गोठू न देणारं औषध असतं, म्हणून रक्त पडल्याबरोबर ती ट्यूब आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट करावी लागते. दोन वर्षांचं पोर आईच्या मांडीवर हातपाय झाडत असतं, शीर हातातून निसटते, रक्त थेंबाथेंबाने येतं. ट्यूब हलवायला अर्धं मिनिट उशीर झाला की तळाशी मोहरीएवढी गुठळी होते. त्या गुठळीत अडकलेल्या प्लेटलेट मशीन मोजत नाही आणि चाळीस हजार छापून मोकळं होतं. आम्ही स्लाइड करायचो, मायक्रोस्कोपखाली झुंडीने चिकटलेल्या प्लेटलेट दिसायच्या, मग दुसरं सॅम्पल घ्यायचं, आणि आकडा निघायचा दीड लाखाच्या वर. घरून सॅम्पल उचलून नेणारा मुलगा गुठळी बघत नाही, मशीनही बघत नाही. तो चाळीस हजारांचा रिपोर्ट थेट आईच्या मोबाइलवर जातो.

डेंग्यूत खरी काळजी करण्याचा काळ ताप उतरताना येतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त दाट होतं, बीपी पडतं. तेव्हा प्लेटलेटबरोबरच हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताचा दाटपणा, चढतोय का ते पाहायचं असतं, आणि पोट दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं ही लक्षणं. रक्तस्राव नसताना नुसता आकडा कमी आहे म्हणून प्लेटलेट चढवू नयेत, असं डॉक्टर सांगून थकले आहेत. हे सगळं थोडंफार लोकांपर्यंत पोचलं. हृदयाचं मात्र पोचलेलं नाही, आणि म्हणूनच त्या एका शब्दाच्या जोरावर पॅकेज विकता येतं.

सर्दी-खोकल्याचे, जुलाबाचे, अंगावर पुरळ आणणारे कितीतरी विषाणू हृदयाच्या स्नायूपर्यंत जाऊ शकतात. कॉक्सॅकी, अॅडेनो, पार्व्हो, फ्लू, कोरोना, डेंग्यूसुद्धा. स्नायूला सूज येते, तिला मायोकार्डायटिस म्हणतात. ताप आलेल्या मुलांपैकी फारच थोड्यांना हे होतं, हे मी आधीच सांगते, म्हणजे हे पत्र वाचून कुणी घाबरून जाणार नाही. पण ज्याला होतं त्याच्यात ते ओळखू येत नाही, ही खरी अडचण आहे. मोठ्या माणसासारखं छातीत कळ येते असं लहान मूल सांगत नाही. ते म्हणतं पोट दुखतं. उलट्या करतं. धाप लागते. तान्हं बाळ दूध पिता पिता दमतं, कपाळावर घाम येतो, स्तन सोडून देतं. हातपाय गार लागतात. घरच्यांना वाटतं गॅस्ट्रो झालं, नाहीतर दमा. डॉक्टरांनाही पहिल्या दिवशी तसं वाटू शकतं, त्यात त्यांचा दोष नाही.

यात ज्या रक्तचाचण्या उपयोगी पडतात त्यांत मुख्य दोन. पहिली ट्रोपोनिन. हृदयाच्या स्नायूतलं हे प्रथिन एरवी रक्तात जवळजवळ नसतंच. स्नायूच्या पेशींना इजा झाली की काही तासांत ते रक्तात उतरतं आणि पुढे काही दिवस सापडत राहतं. दुसरी एनटी-प्रोबीएनपी. हृदयाचे कप्पे ताणले गेले की त्यांच्या भिंतींतून एक संप्रेरक सुटतं, त्याचाच हा तुकडा. म्हणजे एकीतून कळतं की स्नायू दुखावला आहे, आणि दुसरीतून कळतं की तो ओझ्याखाली दमला आहे. दोन्ही वाढलेल्या असल्या की डॉक्टर मुलाला आयसीयूजवळ हलवतात, ईसीजी काढतात, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतात. पूर्वी आमच्याकडे सीपीके आणि सीके-एमबी या स्नायूंच्या जुन्या चाचण्यांवर भागवायचे. पण फ्लूनंतर काही मुलांच्या पोटऱ्या इतक्या दुखतात की ती चालायलाच तयार नसतात, आणि त्यांचं सीपीके हजारांत जातं, सीके-एमबीही थोडं चढतं. तिथे ट्रोपोनिन नॉर्मल आलं की डॉक्टरांची पुष्कळशी चिंता मिटते, कारण दुखणं पायांच्या स्नायूंतलं असतं. असे आईबाप मी वॉर्डाच्या दाराशी अक्षरशः जमिनीवर बसलेले पाहिले आहेत, आणि तो एक आकडा सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडलेलाही पाहिला आहे.

बडोद्याच्या वाडी भागातली एक मुलगी मला आठवते, दुसरीत शिकणारी. चार दिवस ताप, उलट्या, पोटदुखी. डेंग्यूची एनएस-वन चाचणी निगेटिव्ह. प्लेटलेट दोन लाखांच्या वर, म्हणून घरचे निश्चिंत होते. ताप उतरलाही होता. रात्री वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरबाईंनी मनगट धरून पूर्ण एक मिनिट नाडी मोजली, आणि ती निघाली 160च्या घरात. मुलांचा ताप एक अंश सेल्सिअसने चढला की नाडी साधारण दहा ठोक्यांनी वाढते, हे नर्सिंगच्या मुलींनाही शिकवलेलं असतं. इथे अंगात ताप नाही, मूल रडत नाही, झोपलं आहे, आणि नाडी 160. त्या बाई स्वतः ट्यूब घेऊन खाली माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ट्रोपोनिन लावा, मी इथेच थांबते."

रक्त गोठायला वीस-पंचवीस मिनिटं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायला दहा, मशीनवर वीसेक. तासाभरात उत्तर आलं, रेंजच्या कितीतरी पट वर. त्यांनी लगेच इकोसाठी फोन केला आणि मुलीचं सलाइन कमी केलं.

त्या सलाइनसाठीच मी ही हकीकत लिहिली. उलट्यांनी सुकलेलं, गार पडलेलं, बीपी उतरलेलं मूल आलं की पहिला उपाय म्हणजे भराभर पाणी चढवणं. डेंग्यूतही तेच, मापाने द्यायचं. गॅस्ट्रोत त्याने मूल तासाभरात डोळे उघडतं. पण हृदयच कमजोर झालेलं असेल तर तेच सलाइन फुप्फुसात उतरतं आणि मुलाला श्वास घेता येत नाही. बाहेरून दोन्ही मुलं सारखीच दिसतात. दारात उभ्या असलेल्या डॉक्टरला त्या घटकेला ठरवायचं असतं की पाणी ओतायचं की आवरायचं. मुलाचं यकृत हाताला लागतं का, मानेच्या शिरा, छातीतला आवाज, एक्स-रे, इको हे सगळं असतंच. पण रात्री इको करणारा माणूस घरून यायला तास-दीड तास लागतो, आणि रक्ताचा रिपोर्ट त्याच्या आधी येऊ शकतो. माझ्या मते या चाचणीचं मोल इथे आहे. पॅकेजमधला रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मोबाइलवर येतो, त्याने कुठलाच निर्णय बदलत नाही.

त्या मुलीच्या हृदयाची पंपिंग क्षमता 35 टक्क्यांवर आली होती. एरवी ती 55च्या पुढे असते. सहा तासांनी पुन्हा ट्रोपोनिन केलं, ते आणखी चढलेलं होतं. तिसऱ्या दिवशी उतरायला लागलं. ती बरी झाली. खेळायला, धावायला पुढे 3 ते 6 महिने बंदी असते ती तिलाही होती, आणि तपासणीला आली की लॅबच्या खिडकीशी उभी राहून ती हीच कुरकुर करायची. सगळ्यांचं असं होत नाही. काही मुलांचं हृदय कायमचं मोठं आणि ढिलं होतं, त्यांना अहमदाबादला यू. एन. मेहता हृदयरुग्णालयात फेऱ्या माराव्या लागतात. काही जात्यात सापडल्यासारखी दोन दिवसांत जातात. त्यांच्या आईबापांना आपण काय सांगायचं, हे मला कधीच कळलं नाही.

आता या चाचण्यांच्या मर्यादा, ज्या जाहिरातीत लिहिलेल्या नसतात.

आमच्या शेजारच्या वाड्यात यंदा नऊ दिवसांचं बाळ होतं. घरातल्या मोठ्या भावाला ताप आला, पॅकेज मागवलं, आणि सॅम्पल घ्यायला आलेल्या मुलाने 'बाळाचंही करून टाकू' म्हटलं. बाळाला ताप नव्हता, दूध नीट पीत होतं. दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये एनटी-प्रोबीएनपी दोन हजारांच्या पुढे, लाल अक्षरांत, शेजारी रेंज छापलेली '125 पर्यंत'. त्याखाली 'हृदयविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्या'. ती बाळंतीण रात्रभर बाळाच्या छातीवर हात ठेवून बसली. सकाळी तिचे सासरे रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा त्यांचे हात थरथरत होते.

125 ही मोठ्या माणसांची रेंज आहे. जन्मानंतर पहिल्या दिवसांत एनटी-प्रोबीएनपी सगळ्याच बाळांचं हजारांत असू शकतं, कारण आईच्या पोटातलं रक्ताभिसरण बदलून बाळाचं हृदय स्वतःच्या जबाबदारीवर कामाला लागलेलं असतं. मग ते आठवड्या-महिन्यांत उतरत जातं. ट्रोपोनिनही तान्ह्या बाळांत मोठ्यांपेक्षा जास्त सापडतं. मी त्यांना धीर दिला आणि तरीही बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण बाळाला तपासायचं काम माझं नाही. डॉक्टरांनी बाळाला नीट तपासलं आणि घरी पाठवलं. पण ज्या लॅबने मुलांसाठी खास म्हणून पैसे घेतले, तिला रिपोर्टवर मुलांच्या वयाची रेंज छापता येऊ नये?

याच्या उलट बाजूचा धोका जास्त मोठा आहे. ट्रोपोनिन नॉर्मल आलं म्हणजे हृदयाला काही नाही, असं म्हणता येत नाही. आजाराच्या अगदी सुरुवातीला रक्त घेतलं असेल तर ते वाढलेलं नसतं. दुखणं जुनं असेल तर उतरून गेलेलं असतं. मायोकार्डायटिस असूनही ते नॉर्मल असू शकतं. पॅकेजचा रिपोर्ट हातात धरून 'हार्ट नॉर्मल आहे' म्हणत आईबाप दोन दिवस घरी थांबले, तर त्या कागदाने नुकसानच केलं. म्हणून डॉक्टर एका आकड्यावर विसंबत नाहीत; आकडा चढतोय की उतरतोय ते बघतात आणि त्याच्या शेजारी मूल, नाडी, ईसीजी, इको ठेवून बघतात.

रक्तावरून आधीच सांगता यावं की कोणत्या मुलाच्या हृदयाला त्रास होणार, यासाठी जगभर खटपट चालली आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. जपानमध्ये डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी 1967 साली एका आजाराचं वर्णन केलं: पाच-पाच दिवस न उतरणारा ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ, स्ट्रॉबेरीसारखी जीभ. त्याचं कारण अजून नक्की ठरलेलं नाही, एखाद्या संसर्गाने तो सुरू होत असावा असा समज आहे. उपचार झाले नाहीत तर अशा चारातल्या एका मुलाच्या हृदयाच्या धमन्यांना फुगे येतात. वेळेवर इम्युनोग्लोब्युलिन दिलं तर हे प्रमाण पुष्कळ खाली येतं, पण काही मुलं त्या औषधाला दाद देत नाहीत. ती मुलं आधीच ओळखावीत म्हणून 2006 साली जपानी डॉक्टरांनी गुणांची एक पद्धत काढली. तिच्यात काय आहे? सोडियम, लिव्हरचं एएसटी, सीआरपी, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, मुलाचं वय आणि तापाचा कितवा दिवस. यातली प्रत्येक रक्तचाचणी आमच्या रावपुऱ्यातल्या लहानशा लॅबमध्येसुद्धा होत असे. मला त्याचं फार अप्रूप वाटलं होतं. पण हीच पद्धत अमेरिकेतल्या मुलांना लावून पाहिली तेव्हा तिने बरीच मुलं हेरलीच नाहीत. एका देशातल्या मुलांवरून बसवलेला हिशोब दुसऱ्या देशातल्या मुलांना जसाच्या तसा लागू होत नाही.

तैवानात 1998 साली एन्टेरोव्हायरस 71ची मोठी साथ आली, आपल्याकडे शाळांतून येणाऱ्या हात-पाय-तोंडाच्या पुरळाच्या आजाराचीच, पण फार घातक जातीची. 78 मुलं गेली, कित्येकांचं हृदय आणि फुप्फुस काही तासांत कोलमडून. तिथल्या डॉक्टरांनी मागे वळून नोंदी पाहिल्या, तर ज्या मुलांच्या फुप्फुसात पाणी भरलं त्यांची रक्तातली साखर आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या. साधी साखर! आपल्याकडे दिसणारा हा आजार बहुधा सौम्य असतो आणि आठवड्याभरात बरा होतो. सांगायचं एवढंच की ज्यांनी नोंदी ठेवल्या होत्या त्यांनाच हे कळलं.

कोरोनाच्या काळात तर आपण सगळ्यांनीच पाहिलं. 2020च्या मेमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांमधल्या एका नव्या आजाराची व्याख्या प्रसिद्ध केली. कोरोना होऊन गेल्यावर 2 ते 6 आठवड्यांनी येणारा ताप, पुरळ, पोटदुखी, लाल डोळे आणि हृदयावर परिणाम, म्हणजे एमआयएस-सी. त्या व्याख्येतच हृदयाला इजा झाल्याचा पुरावा म्हणून ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी यांची नावं आहेत. दुसरी लाट ओसरली आणि आमच्या लॅबमध्ये निळ्या टोपणाच्या ट्यूबा येऊ लागल्या, डी-डायमर या रक्ताच्या गुठळ्यांच्या चाचणीच्या. ती ट्यूब खुणेपर्यंत भरावी लागते, अर्धवट भरली तर रिपोर्ट चुकतो, आणि सात-आठ वर्षांच्या तापलेल्या मुलाकडून तेवढं रक्त काढताना आमच्यातल्या अनुभवी माणसांनाही घाम फुटायचा. तेव्हा मुलांच्या वॉर्डासाठी ट्रोपोनिन रात्रंदिवस होत होतं. सगळं जमलं होतं. साथ गेली आणि ती सोय पुन्हा कमी होत गेली.

का गेली, हे मी आतून पाहिलं आहे. ट्रोपोनिनची किट 2 ते 8 अंशांत फ्रिजमध्ये ठेवायची, तिला मुदत असते, चाचणी लावण्याआधी कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल, लावून मशीन बरोबर चालतंय ना ते पाहायचं. मुलांच्या वॉर्डातून महिन्यात मोजक्याच ट्यूबा येतात. उरलेली किट मुदतबाह्य झाली की हिशोब तपासणारे विचारतात, वाया का गेली? मग साहेब सांगतात, जमवून ठेवा आणि एकदम लावा. मोठ्या खाजगी लॅबला अख्ख्या शहरातून सॅम्पल येतात, तिला दिवसातून एकदा शेकड्याने लावणं परवडतं. म्हणून तिला धडधाकट मुलांचीही सॅम्पल हवी असतात. वॉर्डातल्या एका मुलाच्या रात्रीच्या ट्यूबसाठी या व्यवहारात जागाच उरत नाही.

आणि तरीही उपाय हाताशी आहे. जिथे मोठ्या माणसांचा कॅज्युअल्टी विभाग आहे, तिथे हार्ट अॅटॅकच्या रुग्णांसाठी ट्रोपोनिन चोवीस तास लागतंच. मशीन तेच, किट तीच, प्रथिनही तेच. मुलांच्या विभागातून आलेली ट्यूब त्याच मशीनवर रात्री घ्यायची, एवढा एक लेखी आदेश पुरे. रिपोर्टवर मुलाच्या वयाची रेंज छापायची, ते संगणकात एकदा भरायचं काम आहे. आपल्या सयाजी रुग्णालयासारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत, जिथे आजूबाजूच्या तालुक्यांतून, छोटाउदेपूरकडच्या पाड्यांतूनही मुलं येतात, ही सोय रात्री आणि रविवारीही मिळावी आणि पैसे पडू नयेत, एवढं आरोग्य खात्याकडे मागायला हवं. जिथे मशीन नाही तिथे पंधरा मिनिटांत होणारी कार्डावरची चाचणी ठेवता येते. ती बारीक आकडा देत नाही, पण पुढे कुठे पाठवायचं ते ठरवायला उपयोगी पडते.

बडोदा मेडिकल कॉलेज 1949 पासून आहे. दर पावसाळ्यात तापाने दाखल झालेल्या मुलांच्या या चाचण्या, त्यांची वेळ, पुढे त्या मुलाचं काय झालं, हे सगळं तिथे एका जागी नीट लिहून ठेवलं गेलं तर चार-पाच वर्षांत गुजरातच्या मुलांसाठी आपली स्वतःची मोजपट्टी बसवता येईल. लॅबमधल्या आमच्या लोकांना हे सांगितलं तर ते आनंदाने करतील. ट्यूब पाठवली, आकडा कळवला, आणि मूल जगलं की गेलं हे कधी कळलंच नाही, अशा कितीतरी रात्री आमच्या प्रत्येकीच्या मनात राहिलेल्या असतात.

आपल्याकडेही एक मागणं आहे. 2024च्या जुलैत चांदीपुरा विषाणूची साथ आली तेव्हा आपल्यासह सगळ्या वर्तमानपत्रांनी रोज लक्षणं छापली. नागपूरजवळच्या ज्या गावात हा विषाणू 1965 साली सापडला त्याचं नाव तेव्हा आमच्या भाजीवालीलाही पाठ झालं होतं, आणि मुलाला झटका आला की लोक अंगारा-धुपारा न करता रिक्षा करून दवाखाना गाठत होते. तसंच याही बाबतीत होऊ शकतं. सप्टेंबर-ऑक्टोबर हे तापाचे महिने अजून पुढे आहेत. रोज डेंग्यूचा आकडा छापता, त्याच्या शेजारी एक चौकट द्या: ताप उतरूनही मूल मलूल असेल, धाप लागत असेल, हातपाय गार आणि ओठ फिके पडले असतील, झोपेतही नाडी फार जलद असेल, पोट सारखं दुखत असेल, चक्कर येऊन पडलं असेल, किंवा तान्हं बाळ दूध पिताना घामाघूम होत असेल तर चाचण्यांची वाट न बघता त्याला घेऊन मुलांच्या डॉक्टरांकडे जा, आणि 'हृदयाला काही नाही ना' हे स्वतःहून विचारा. विचारण्यात संकोच करू नका, चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

चौकटीतला मजकूर छापण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्यावा. आणि त्या पॅकेजवाल्या लॅबला आपल्या जाहिरात विभागाने एवढं तरी कळवावं, की मुलांच्या रिपोर्टवर मुलांच्या वयाची रेंज छापा, नाहीतर जाहिरातीतून 'हार्ट प्रोफाइल' काढा.

आपली नम्र,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
दांडिया बाजार, बडोदे